सॅन फ्रान्सिस्को किती लांब?

बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला सगळं येतं, अशी आमच्या इमारतीत एक समजूत आहे. ती कुणी पसरवली ठाऊक नाही. मी तरी नाही, आणि आमच्या हिने तर नक्कीच नाही. पण कुणाचं विजेचं बिल जास्त आलं, कुणाच्या मुलाला त्रैराशिक अडलं, कुणाच्या पाण्याच्या टाकीत पाल पडली, की लोक माझी बेल वाजवतात. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एका संध्याकाळी दारात उभं राहून "अरे, सॅन फ्रान्सिस्को किती लांब आहे रे?" असं विचारलं, तेव्हा प्रश्नाचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं, की काकूंचा मुलगा तिकडे जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि प्रश्न त्यांना आज पडला होता.

कन्येच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल काढला. काकूंनी केसांतल्या गजऱ्याचा दोरा दिला. मी म्हटलं, "काकू, एक टोक मुंबईवर धरा." त्यांनी बोट ठेवलं आणि मुंबई, महाराष्ट्र आणि निम्मा गुजरात दिसेनासा झाला. "डोंबिवलीवर धरते," म्हणाल्या. डोंबिवली या गोलावर नाही असं मी सांगितलं, तर "नसू दे. मी ठेवलंय ना बोट," हे उत्तर आलं. दुसरं टोक मी सॅन फ्रान्सिस्कोवर धरलं आणि दोरा ताणला.

आता शाळेत भिंतीवर टांगलेल्या नकाशात अमेरिका डावीकडे असते. त्यामुळे अमेरिकेला जायचं म्हणजे अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेला जायचं, असं मी आजवर धरून चाललो होतो. पण ताणलेला दोरा पश्चिमेला जाईचना. तो सरळ उत्तरेला निघाला. हिमालय ओलांडला, सैबेरिया ओलांडला, उत्तर ध्रुवाच्या अलीकडून आर्क्टिकच्या बर्फावरून गेला आणि अलास्कावरून खाली उतरला. दोरा गोलावर जिथे बसतो तीच सगळ्यांत जवळची वाट. भिंतीवरचा नकाशा हा संत्र्याची साल दाबून सपाट केल्यासारखा असतो, त्यावर भरवसा ठेवू नये.

"म्हणजे माझं पोर बर्फावरून येतं?" काकूंनी विचारलं. "आणि येतो तेव्हा अंगात नुसता टी-शर्ट!"

दोरा पट्टीवर मोजला. बत्तीस सेंटिमीटर भरला. गोलाचा घेर चौऱ्याण्णव. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. बी.कॉम. झालेल्या माणसाला एवढं पुरतं. उत्तर आलं तेरा हजार सहाशे सतरा. पुढे मी फोनवर पाहिलं तर खरं अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर निघालं. शंभरेक किलोमीटर गजऱ्याच्या गाठीत गेले असावेत. विमान ताशी नऊशेच्या आसपास जातं असं धरलं तर भागाकार बरोबर पंधरा येतो. "पंधरा तास," मी सांगितलं. थेट विमान मिळालं तर पंधरा-सोळा, वारा उलटा असला तर आणखी.

"वाऱ्याचा काय संबंध?"

संबंध फार आहे. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार लोंढा सतत वाहत असतो. त्याचा अभ्यास वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या काही वर्षांत केला आणि आपला शोध साऱ्या जगाला कळावा म्हणून १९२६ मध्ये तो एस्पेरान्तो या विश्वभाषेत छापला. ती विश्वभाषा विश्वात जवळपास कुणालाच येत नसल्यामुळे शोध तसाच पडून राहिला. (आमच्या बँकेची परिपत्रकंही साधारण याच भाषेत निघतात.) तर हा वारा पाठीशी घेतला की विमान कमी वेळात जातं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं आपलं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० वर गेलं आणि वेळ मात्र दोनेक तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. म्हणजे लांबचा रस्ता जवळचा झाला. हे आमच्या टी.ए. बिलाला मंजूर होणार नाही. तिथे 'शॉर्टेस्ट रूट' असा नियम आहे. वैमानिकाने बिल लावलं तर वरच्या चौदाशे किलोमीटरवर लाल शाईची रेघ येईल.

काकूंना या कशात फारसा रस नव्हता. त्यांनी दुसराच हिशोब विचारला. "इथून फोन केला की तो किती वेळात पोचेल? दारात."

इथे मला खरा प्रश्न कळला, कारण त्याच दुपारी त्यांचा मुलगा परत अमेरिकेला गेला होता. आणि तो आला होता तो माझ्यामुळे.

त्याचं असं झालं. ऑगस्ट २०२२. काकू न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. आम्ही दार फोडलं. त्यांना उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. तोंड वाकडं झाल्यासारखं वाटत होतं, शब्द जड येत होते. मी बाहेर येऊन मुलाला फोन लावला. तो आणि मी एकाच इमारतीत वाढलो, एकाच बाकावर बसलो. गणिताच्या पेपरात त्याने माझं पाहून लिहिलं आणि आज तो गणितावर डॉलर मिळवतो, मी नोटा मोजतो. मी एवढंच म्हणालो, "लेका, ये." त्याने का म्हणूनही विचारलं नाही. मिळेल त्या विमानाने, मध्ये एकदा विमान बदलून तो निघाला. तिकिटाचा आकडा मी विचारला नाही; बँकेतल्या माणसाला काही आकडे न विचारताही दिसतात. तो दारात आला तेव्हा काकू ओट्यापाशी उभ्या राहून थालीपीठ थापत होत्या. सोडियम कमी झालं होतं. सलाईन लावलं, दीड दिवसात काकू टुणटुणीत. मुलाला पाहून त्या म्हणाल्या, "तू कशाला आलास?" आणि मग माझ्याकडे पाहिलं. फसलेल्या कर्जाचा जामीनदार कसा उभा राहतो ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. तसा मी उभा राहिलो.

तो पाच दिवस राहिला, त्यांतले तीन दिवस झोपला. जाताना टॅक्सीत बसून खिडकीतून म्हणाला, "पुढच्या वेळी जरा नीट बघून फोन कर रे." रागाने नाही, हसतच म्हणाला. पण वाक्य माझ्या खात्यावर जमा झालं.

तर दारापासून दारापर्यंतचा हिशोब. हवेत सोळा तास, तेही थेट विमान मिळालं तर. विमानतळावर तीन तास आधी जायचं. त्याच्या घरून तिथपर्यंत एक तास. इकडे उतरल्यावर पासपोर्टचा शिक्का आणि बॅगा मिळून तासभर. मुंबईच्या विमानतळावरून डोंबिवली दोन तास. या शेवटच्या टप्प्यात वारा पाठीशी असून उपयोग नाही, शिळफाट्याला ट्रक समोर असतात. हे झाले तेवीस. तिकीट शोधायला एक. म्हणजे चोवीस, आणि हे कुठे काही बिघडलं नाही तर. २०२३ च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनच्या बिघाडामुळे रशियात मगदान नावाच्या गावी उतरलं होतं, आणि दुसरं विमान येईपर्यंत प्रवासी तिथेच अडकले होते. तेव्हापासून डोंबिवली पूर्वेत मगदान कुठे आहे हे ठाऊक असलेल्या काकू या बहुधा एकट्याच.

त्यात घड्याळाची गंमत वेगळी. तिथे आणि इथे उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतेराचा. सोमवारी रात्री आठला तिथून निघालेला माणूस सोळा तास उडून आपल्याकडे उतरतो तो मंगळवार उलटून गेल्यावर, मध्यरात्री साडेबाराला. मंगळवार जमेला नाही, खर्चाला नाही. आमच्याकडे असा रुपया सस्पेन्स खात्यात टाकतात. उलट जाताना दुपारी तीनला निघालेला माणूस त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला पोचतो. कागदावर साडेतीन तासांत अमेरिका. म्हणजे आईकडे यायला साडेअठ्ठावीस तास आणि आईपासून जायला साडेतीन तास. हे मी काकूंना सांगितलं नाही.

चोवीस तास म्हटल्यावर काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी जायच्या चोवीस तास आधी तुला कळायला हवं."

हे वाक्य त्यांनी पिठाचा डबा कुठे ठेवलाय हे सांगावं तसं सांगितलं. पण मला त्या रात्री झोप आली नाही. डॉक्टर ज्याला "आत्ताच काही सांगता येणार नाही" म्हणतात ते मला चोवीस तास आधी सांगायचं आहे, पात्रता बी.कॉम., सेकंड क्लास.

काकांच्या वेळचं आम्हा दोघांनाही आठवत होतं. २००४ साली काका पहाटे गेले. मुलगा नुकता शिकायला गेलेला. तो येईपर्यंत दुसरा दिवस मावळला. बर्फाच्या लाद्या आणायला टेम्पो घेऊन मीच गेलो होतो. पहिल्या खेपेच्या वितळल्या म्हणून पुन्हा गेलो.

त्यावरून काकूंनी आपलं मत बनवलं आहे आणि ते अगदी पक्कं आहे. "त्याने बापाचं तोंड पाहिलं. बापाने कुठे त्याचं पाहिलं? आता माझ्यासाठी धावाधाव नको. मी गेले की सांग, सावकाश येऊ दे. आणि मी आहे तोवर रविवारी व्हिडिओवर दिसतोय ना, पुरे." माझ्याकडून त्यांनी तसा शब्दही घेतला. समोर तुळशीवृंदावन होतं, तेव्हा शब्दाला साक्षीदारही आहे. मुलाचं म्हणणं अर्थातच उलटं: जरासुद्धा काही वाटलं तर मला कळलं पाहिजे, माझी आई आहे.

आता यात कुणाचं खरं? आमच्या धंद्यात याला सरळ उत्तर आहे. खातेदार हयात असेपर्यंत त्याच्या खात्याची माहिती नॉमिनीला द्यायची नाही. पोटचा मुलगा असला तरी नाही. रोज कुणी ना कुणी काउंटरवर येतो, "माझ्या आईच्या खात्यात किती आहेत?" आणि मी खाली मान घालून "आईंना घेऊन या" म्हणतो. नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यावर सुरू होतो. नियमाने पाहिलं तर काकूंचं बरोबर. त्यांचं आजारपण त्यांच्या खात्यातलं, ते कुणाला सांगायचं हे त्यांनी ठरवायचं. पण घरची बरीच खाती जॉइंट असतात. सही कुणाचीही चालते आणि एकाने काढले की दुसऱ्याचे कमी होतात. आई हे खातं यांतलं कोणतं, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये मी अजून वाचलेलं नाही.

वैमानिक लोक एक हिशोब उड्डाणाआधी मांडून ठेवतात, असं मला या नादात वाचताना कळलं. वाटेवर एक बिंदू असा काढतात की तिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागेल. काही बिघडलं तर त्या बिंदूच्या अलीकडे असल्यास फिरायचं, पलीकडे असल्यास पुढे जायचं. गंमत म्हणजे हा बिंदू बरोबर निम्म्यावर नसतो. समोरून वारा असेल तर निम्म्याहून जास्त वाट सरल्यावरही मागे फिरणंच लवकरचं ठरतं. मला या लोकांचा हेवा वाटला. बिंदू आधी ठरवलेला; ऐनवेळी जीव वरखाली होत असताना ठरवायचा नाही.

माझा बिंदू ठरलेला नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये, एका शुक्रवारी संध्याकाळी सातला काकूंना न्यूमोनियाने दवाखान्यात न्यावं लागलं. थेट आय.सी.यू. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी खिशातून फोन काढला, तर त्यांनी त्याही अवस्थेत फोनकडे बोट दाखवलं आणि ते बोट डावीउजवीकडे हलवलं. डॉक्टर म्हणाले, "अठ्ठेचाळीस तास बघू." मी बाहेर बाकावर बसलो. डॉक्टरांचे अठ्ठेचाळीस आणि विमानाचे चोवीस, कसेही मांडले तरी जमेना. त्यात "नीट बघून" हे दोन शब्द डोक्यात. मी नीट बघत होतो. शनिवारी सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, रात्री बघितलं. प्रत्येक वेळी वाटलं, आणखी चार तास बघू. हिने रात्री एकच विचारलं, "तुम्ही त्याच्या जागी असता तर?" मी त्याच्या जागी जायचा प्रयत्न केला. पण तिथे पोचलं की लगेच काकूंच्या जागेवरून ते हलणारं बोट दिसायचं.

रविवारी सकाळी सातला मी फोन केला. शुक्रवार सात ते रविवार सात, छत्तीस तास. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को एकदा जाऊन आणखी एकदा परत येता आलं असतं, वर चहा प्यायला वेळ उरला असता. आणि हे सगळे तास जमिनीवर गेले होते, दवाखान्याच्या बाकावर, माझ्या खिशात.

(या सगळ्या काळात माझे स्वतःचे वडील, जे पलीकडच्या खोलीत असतात आणि ज्यांच्या डोळ्यांत रात्री नऊला मी थेंब घालायचे असतात, त्यांनी शनिवारी स्वतःच अंदाजाने थेंब घातले. अर्धी बाटली कानात गेली. अंतर दहा पावलं.)

तो सोमवारी सकाळी अकराला दवाखान्यात पोचला. काकूंनी मास्क जरा बाजूला केला आणि विचारलं, "जेवलास का?" मग लगेच, "याला कुणी सांगितलं?" नर्सने मास्क परत लावला म्हणून माझी सुटका झाली. ज्या बाईंचं काही सांगता येत नव्हतं त्यांनी त्या दुपारपासून डाव पलटवला. का ते विचारू नका; डॉक्टर म्हणाले अँटिबायोटिक लागू पडलं.

रात्री आम्ही दोघं व्हरांड्यात यंत्रातला चहा घेऊन उभे होतो. तो म्हणाला, "शुक्रवारीच का नाही केलास?" मी म्हटलं, "तूच म्हणाला होतास, नीट बघून कर." तो माझ्याकडे बघत राहिला. "मी? कधी?" मी त्याला टॅक्सी, खिडकी, सगळं सांगितलं. त्याला काही आठवेना. सव्वादोन वर्षं मी जे वाक्य व्याजासकट सांभाळलं, ते त्याच्या वहीत लिहिलेलंच नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "समज, तू फोन केलास आणि मी पोचायच्या आत..." आणि पुढे काही बोलला नाही. मीही नाही. चहा फार वाईट होता, तरी दोघांनी संपवला.

त्या रात्री एक गोष्ट मात्र मला दिसली, ती सांगायची राहिली. ती न गेल्यामुळे मी वाचलो होतो. गेली असती, तर ते छत्तीस तास मी त्याला कुठून आणून दिले असते? विमानं पुढेमागे आणखी वेगाने उडतील, सोळाचे दहा होतील. माझ्या बाकावरचे तास कुठली कंपनी कमी करणार?

काकू आता एक्याऐंशीच्या आहेत. नवा करार झाला आहे, तोंडी: फोन करायचा, पण त्यांना विचारून. त्या शुद्धीवर नसल्या तर? "तेव्हा तुझं तू बघ," असं कलम आहे. मुलाने आपल्या बाजूने एक पोटनियम जोडला आहे. माझं नाव अवेळी फोनवर दिसलं की त्याच्या छातीत धस्स होतं, म्हणून मी फोन उचलल्याबरोबर आधी "सगळं ठीक आहे" म्हणायचं, मग 'हॅलो'.

परवा रात्री अकराला वरून खोकल्याचा आवाज आला. मोठा, लांबलेला. मी घड्याळ पाहिलं. तिथे सकाळचे साडेदहा. चपला घातल्या आणि चौपन्न पायऱ्या चढून गेलो. काकूंनी दार उघडलं. हातात वाटी.

"झोपला नाहीस अजून? ठसका लागला रे. चिवडा खात होते."

खाली आलो. झोप उडालीच होती. फोन लावला.

"सगळं ठीक आहे. हॅलो."

"मग फोन का केलास?"

"सहज."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "जागी आहे ती?"

"आहे. चिवडा खातेय."

"एवढ्या रात्री? तळलेल्या पोह्यांचा की भाजलेल्या?"

ते मी पाहिलं नव्हतं. पुन्हा चपला घातल्या.